आगगाडीचा नवा कारकून

येत्या माघांत काशीस जाण्याचें आमच्या घरीं ठरलें. मंडळी अकरा. मातोश्री शहाऐंशीव्या वर्षांत आहेत, आणि गंगा पुन्हां एकदां डोळ्यांनीं पाहावी एवढीच त्यांची इच्छा राहिली आहे. नाशिकरोड स्टेशनावरून जाणारी महानगरी गाडी आम्हांस सोयीची. तिकिटें काढण्याचें काम नातीकडे दिलें. साठ दिवस आधींचा नेमका दिवस पाहून ती सकाळीं आठ वाजतां माजघरांतील झोपाळ्यावर मोबाइल घेऊन बसली, आणि पोह्यांची बशी रिकामी होण्यापूर्वींच अकराही माणसांची नोंद झाली. मातोश्री देवघरांतून बाहेर येऊन म्हणाल्या, "तिकिटें कुठें आहेत?" नातीनें पडद्यावरचा दहा अंकांचा आंकडा दाखविला. त्यावर मातोश्री म्हणाल्या, "आंकडा नको ग बाळ, तिकीट दाखव."

घरांतील मंडळी हंसली. प्रस्तुत लेखकास मात्र तो प्रश्न हंसण्यासारखा वाटला नाहीं. ज्या वस्तूस आम्हीं जन्मभर तिकीट म्हटलें ती वस्तु नाहींशी झाली आणि तिचें काम तेवढें शिल्लक राहिलें, हें काय घडलें तें नीट समजून घेण्याजोगें आहे.

पुठ्ठ्याचें तें लहानसें तिकीट वाचकांच्या स्मरणांत असेलच. १८३० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील टॉमस एडमन्सन ह्या स्टेशनमास्तरानें तें काढलें. हा गृहस्थ पूर्वीं लांकडी सामान करण्याच्या धंद्यांत होता. तोंपर्यंत कारकून प्रत्येक प्रवाशास हातानें पावती लिहून देई. वेळ जाई आणि पैशाचा मेळ लागत नसे. एडमन्सननें सव्वादोन इंच लांबीच्या जाड पुठ्ठ्यावर अनुक्रमांक छापले. सायंकाळीं ढिगांतील वरच्या तिकिटाचा क्रमांक पाहिला कीं आज किती विकलीं व पेटींत किती रक्कम असली पाहिजे, हें एका वजाबाकीनें कळे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत ३४ किलोमीटर गाडी धांवली, त्यानंतर ह्या देशांतही हेंच पुठ्ठ्याचें तिकीट रुळलें. आणि खिडकींतील यंत्रांत तारीख उमटवितांना होणारा तो "खट्" असा आवाज आमच्या पिढीच्या कानांत अजून आहे.

परंतु तें तिकीट प्रवास करण्याचा अधिकार देई. कोठें बसावें हें सांगत नसे. रात्रीच्या दूरच्या प्रवासांत निजण्यास जागा हवी, तर दुसरी पायरी चढावी लागे, आणि ती पायरी म्हणजे आरक्षणाची वही. प्रत्येक गाडीची, प्रत्येक तारखेची पानें. त्यांवर कारकुनानें हातानें लिहिलेलीं नांवें. ज्या खिडकीवर एका गाडीची वही, तेथें दुसऱ्या गाडीचें काम होत नसे. पहाटेपासून रांगेंत उभें राहून खिडकीशीं पोंचावें आणि आपली गाडी शेजारच्या खिडकीवर आहे असें कळावें, हा अनुभव पुष्कळांस आला असेल. परतीच्या प्रवासाची जागा हवी तर तार करावी लागे. मातोश्रींनीं १९७९ सालीं काशीयात्रा केली त्या वेळीं परतीच्या तारेचें उत्तर आलेंच नाहीं, आणि एका स्टेशनाच्या फलाटावर वळकटीवर बसून त्यांनीं दोन रात्री काढल्या. त्यांचा "तिकीट दाखव" हा हट्ट त्या दोन रात्रींतून आलेला आहे.

हें काम अवघड कां, हेंही सांगितलें पाहिजे. कारण कारकुनास दोष देणें सोपें असतें. मुंबई-हावडा मेलमधील एकच बर्थ घ्या. त्यावर एक प्रवासी मुंबईहून भुसावळपर्यंत जाईल. नागपुरास दुसरा बसून रायपुरास उतरेल. टाटानगरास तिसरा बसून हावड्यास जाईल. म्हणजे विकावयाची वस्तु बर्थ ही नसून त्या बर्थाचे स्टेशना-स्टेशनांमधील तुकडे ही आहे. शिवाय स्त्रियांचा कोटा, वृद्धांचा कोटा, मधल्या स्टेशनांचा कोटा, तातडीच्या कामांसाठीं राखून ठेवलेला कोटा. हें सर्व शेंकडों वह्यांत, शेंकडों कारकुनांच्या हातीं. नागपुरांत जागा रिकामी राही आणि मुंबईच्या खिडकीवर गाडी भरली म्हणून सांगत, ह्यांत कोणाची लबाडी असेच असें नाहीं. एका वहीचें दुसऱ्या वहीस ठाऊक नसे. अर्थात् जेथें कोणासच पूर्ण माहिती नाहीं तेथें थोडी माहिती असणाऱ्याचें फावतें. दलाल त्याच अंधारांत वाढले.

१९८५ सालीं दिल्लींत संगणकावर आरक्षणाचा पहिला प्रयोग झाला. त्याची प्रणाली सी.एम.सी. ह्या भारतीय कंपनीनें तयार केली आणि तिचें नांव 'इम्प्रेस' असें होतें. पुढच्याच वर्षीं रेल्वेनें माहितीच्या ह्या कामासाठीं 'क्रिस' ही स्वतंत्र संस्था स्थापिली. माधवराव शिंदे १९८६ ते १९८९ रेल्वे राज्यमंत्री होते, आणि त्यांचें नांव ह्या कामाशीं जोडलेलें आहे. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद अशीं पांच केंद्रें उभीं राहिलीं. आतां कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचें तिकीट मिळूं लागलें. परंतु एक अडचण उरली. शेंकडों वह्यांच्या पांच मोठ्या वह्या झाल्या, तरी त्या पांच निराळ्याच होत्या. ती अडचण दूर करण्यासाठीं 'क्रिस'नें 'कॉन्सर्ट' नांवाची नवी प्रणाली केली. ती १९९४ सालीं सिकंदराबादेस प्रथम चालू झाली आणि एप्रिल १९९९ मध्यें पांचही केंद्रें एकमेकांस जोडलीं गेलीं. नाशिकच्या माणसानें नाशिकांतच उभें राहून हावडा ते पुरीचें तिकीट घ्यावें, ही गोष्ट तेव्हांपासून शक्य झाली. माझ्या मतें रेल्वेच्या आधुनिकीकरणांत हें वर्ष नव्या इंजिनांहून मोठें आहे.

आमच्या तिकिटाचा दहा अंकी आंकडा आठानें सुरू होतो. त्यावरून ती नोंद मुंबईच्या केंद्रांत आहे हें समजतें. मातोश्रींस मीं एवढेंच सांगितलें कीं, पूर्वीं वही स्टेशनांत असे आणि तिकीट आपल्या हातीं. आतां वहीच इतकी भरंवशाची झाली आहे कीं तिकीट म्हणजे वहींतील पानाचा नुसता क्रमांक.

एकाच क्षणीं अमृतसर व मदुरा येथील दोन माणसें एकाच बर्थावर बोट ठेवतील तर काय होईल? संगणक एकाची मागणी पुरी होईपर्यंत दुसऱ्यास थांबवितो. हें थांबविणें डोळ्याची पापणी लवण्याइतक्या वेळाचें असतें, पण त्यावरच सर्व व्यवहार उभा आहे. ज्यांनीं व्याकरण शिकलें आहे त्यांस ह्या प्रणालींत ओळखीचें कांहीं दिसेल: सामान्य नियम, त्यावर अपवाद, त्या अपवादास पुन्हां अपवाद, आणि कोणत्या सूत्रानें कोणतें बाधित होतें ह्याचा ठरलेला क्रम. शास्त्र्याप्रमाणेंच संगणकही नियमापुढें दयामाया जाणत नाहीं.

म्हणून नियम जाणणें गृहिणींच्याही हिताचें आहे. वेटिंग लिस्ट अनेक प्रकारची असते. गाडी जेथून निघते तेथील व आसपासच्या प्रवाशांची यादी 'जीएनडब्ल्यूएल', आणि ती सर्वांत लवकर पुढें सरकते. मधल्या मोठ्या स्टेशनांची 'आरएलडब्ल्यूएल', आणि लहान स्टेशनांच्या सामाइक कोट्याची 'पीक्यूडब्ल्यूएल'. ह्या शेवटच्या दोहोंत पांचवा क्रमांकही पुष्कळदां तसाच राहतो. वृद्धांसंबंधानें दुसरी गोष्ट. साठ वर्षांवरील पुरुष व पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया ह्यांस खालचा बर्थ देण्याचा कोटा आहे. पण एका तिकिटावर अशीं एक किंवा दोनच माणसें असतील तरच तो लागू होतो. सर्व कुटुंबाचें एकत्र तिकीट काढणाऱ्यांस हें ठाऊक नसतें आणि मग आजीबाईंच्या नशिबीं वरचा बर्थ येतो. आमच्या नातीनें मातोश्री व माझी पत्नी ह्या दोघींचें तिकीट वेगळें काढलें. एका तिकिटावर सहांहून अधिक नांवें चालत नाहींत, म्हणून उरलेल्या नऊंचीं सहा व तीन अशीं दोन झालीं. कोण सहांत व कोण तिघांत ह्यावरून घरांत जें झालें तें येथें लिहीत नाहीं. आणखी एक सावधगिरी: महानगरीसारखी गाडी आपल्या स्टेशनावर मध्यरात्रीनंतर येत असेल, तर तारीख दुसऱ्या दिवसाची धरावी लागते. ह्या एका चुकीनें लग्नाचीं वऱ्हाडें अडकलेलीं मीं पाहिलीं आहेत.

मुलांसाठीं थोडें गणित. शयनयानाच्या डब्यांत बर्थाच्या क्रमांकास आठानें भागावें. बाकी १ किंवा ४ उरली तर बर्थ खालचा. २ किंवा ५ उरली तर मधला. ३ किंवा ६ उरली तर वरचा. ७ उरली तर बाजूचा खालचा आणि कांहींच न उरल्यास बाजूचा वरचा. जुन्या डब्यांत असे ७२ बर्थ, नव्यांत ८०.

२००२ सालीं घरबसल्या इंटरनेटवरून तिकीट काढण्याची सोय आय.आर.सी.टी.सी. ह्या रेल्वेच्या संस्थेनें सुरू केली. आरंभीं तिकीट छापून टपालवाल्यासारखा मनुष्य घरीं आणून देई! २००५ पासून तें असें घरीं आणून देण्याचीही गरज राहिली नाहीं. आतां आरक्षित तिकिटांपैकीं पांचांत चारांहून अधिक ह्याच मार्गानें निघतात. येथें मात्र माझें मन द्विधा होतें. स्टेशनावरची रांग गेली म्हणून आपण आनंद मानतों; पण रांग नाहींशी झाली नसून अदृश्य झाली आहे. बर्थ तेवढेच, मागणारे वाढलेले. १९९७ सालीं सुरू झालेल्या तत्काळ योजनेकडे पाहा. वातानुकूलित डब्यांसाठीं सकाळीं दहा व इतरांसाठीं अकरा वाजतां खिडकी उघडते आणि दोन-तीन मिनिटांत सारें संपतें. ज्याच्या घरीं जलद यंत्र व जलद बोटें, तो पुढें. त्यांतही मनुष्याच्या बोटांहून जलद अर्ज भरणारे प्रोग्रॅम दलालांनीं वापरले. अंधारांत वाढलेला दलाल उजेडांतही जगला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. जुलै २०२५ पासून ह्या तिकिटांस आधारची पडताळणी आवश्यक झाली व पहिलीं तीस मिनिटें दलालांस बंद झालीं. हें योग्यच झालें.

ज्यांस मोबाइल वापरतां येत नाहीं त्यांच्यासाठीं स्टेशनावरची खिडकी आहे. परंतु तेथेंही भेद आहे. मोबाइलवरचें तिकीट शेवटपर्यंत वेटिंगमध्येंच राहिलें तर तें आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. खिडकीवरच्या तिकिटाचे पैसे घेण्यास त्या म्हाताऱ्या माणसानें पुन्हां खिडकीशीं जावें लागतें. ज्यास चालणें कठीण त्यासच दोन हेलपाटे! ह्यांत यंत्राचा दोष नाहीं. कोणास सोय द्यावी हें यंत्र ठरवीत नाहीं. मार्च २०२० मध्यें वृद्धांची सवलत बंद झाली (पुरुषांस शेंकडा ४०, स्त्रियांस शेंकडा ५०), तीही कोण्या संगणकानें काढली नाहीं. आणि ह्या देशांतील बहुसंख्य प्रवासी आरक्षणावांचूनच जातात. त्यांच्या डब्यांतील गर्दीस ह्या सर्व शहाणपणानें फारसा फरक पडलेला नाहीं.

सिग्नलांच्या बाबतींत तर जबाबदारी याहून कठोर आहे. कोंकण रेल्वे १९९८ सालीं पूर्ण झाली, आणि गाड्यांची टक्कर टाळणारें 'रक्षाकवच' हें उपकरण तेथील अभियंत्यांनीं करून पाहिलें. त्याहून निराळें असें 'कवच' २०२० मध्यें सर्व देशासाठीं स्वीकारण्यांत आलें. चालकानें तांबडा सिग्नल ओलांडला तर तें स्वतः ब्रेक लावतें. पण २ जून २०२३ रोजीं ओडिशांत बहानगा बाजार येथें कोरोमंडल एक्स्प्रेसच्या चालकास हिरवाच सिग्नल मिळाला होता. तारांच्या फेरजोडणींतील चुकांमुळें गाडी उभ्या मालगाडीच्या रुळावर गेली आणि सुमारें तीनशें माणसें मेलीं. यंत्रणेनें जोडल्याप्रमाणें काम केलें. जोडणाऱ्या हातांची तपासणी झाली नव्हती. असें काम करणाऱ्या माणसाच्या हाताखालीं दुसरा, आणि दुसऱ्याच्या कामावर सही करणारा तिसरा असावा लागतो. तेथें खर्चाची काटकसर करूं नये असें मला स्पष्ट वाटतें.

आमच्या तिकिटांचें सांगावयाचें राहिलें. दोघींस बर्थ मिळाले ३३ व ३६. मीं धाकट्या नातवास भागाकार करावयास लावलें. दोन्ही खालचे, समोरासमोर. सहांचें तिकीट पक्कें झालें. तिघांच्या तिकिटांत सूनबाईंस बर्थ मिळाला आणि माझ्या व माझ्या धाकट्या बंधूंच्या नांवापुढें आरएसी लागलें आहे, म्हणजे बाजूच्या खालच्या एका बर्थावर दोघांनीं बसून जावयाचें. चार्ट होईपर्यंत कोणीं तिकीट रद्द केलें तर जागा मिळेल. बंधु रोज सकाळीं तो दहा अंकी आंकडा घालून पाहतात. मातोश्रींनीं नातीकडून तिन्ही तिकिटें कागदावर छापवून घेतलीं असून तीं हळदीकुंकवाच्या डब्याखालीं घडी करून ठेवलीं आहेत.