आजी-आजोबांसह मनोरंजन उद्यानात : पैसा कुठे वाचतो, कुठे वाया जातो

गेल्या मे महिन्यात आम्ही घरची सहा माणसे एका मोठ्या मनोरंजन उद्यानात गेलो होतो. परतल्यावर भ्रमणध्वनीतील छायाचित्रे पाहताना लक्षात आले, की आई एकाही चित्रात नाही. सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत ती एका बाकावर बसून होती. शेजारी पाच पिशव्या, मांडीवर झोपलेले धाकटे नातवंड. तिने तक्रार केली नाही. ‘‘बाक सावलीत होता,’’ एवढेच म्हणाली. तिच्या प्रवेशाचे पैसे मात्र आम्ही रोलरकोस्टरसकट सगळ्या राइड्सच्या हिशेबाने मोजले होते. चूक उद्यानाची नव्हती, आमच्या आखणीची होती.

अशा सहलीचे अंदाजपत्रक करताना आपण सहसा एकच प्रश्न विचारतो : एकूण किती लागतील? त्याआधी विचारायला हवे, की या पैशांतून घरातील प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार? चार वर्षांचे मूल, त्याचे आईवडील आणि सत्तरीकडे झुकलेले आजोबा यांचा ‘आनंद’ एका तिकिटात मावत नाही. तो वेगवेगळा मांडला, तर खर्च आपोआप आटोक्यात येतो. कारण जे कुणालाच नको, ते आधीच वगळले जाते.

गोव्यातून जायचे कुठे, हा पहिला मुद्दा. हणजुण्याचे स्प्लॅशडाऊन हे जलउद्यान घराजवळ आहे. एका दिवसाची हौस तिथे भागते आणि मोठ्या सहलीची रंगीत तालीमही होते : मूल पाण्याला घाबरते का, दुपारी किती वाजता कंटाळते, हे स्वस्तात कळते. मोठ्या उद्यानांपैकी बेंगळुरूजवळ बिडदी येथे म्हैसूर रस्त्यावर वंडरला आहे. तिथे कोरड्या आणि पाण्याच्या राइड्स एकाच तिकिटात असल्याने मोठी मुले असलेल्या घराला ते सोयीचे पडते. चालणे कमी आणि पाहणे जास्त हवे असेल, तर हैदराबादची रामोजी फिल्म सिटी. तिथे बसमध्ये बसून बरेच काही पाहता येते, त्यामुळे ज्येष्ठांना ती मानवते. पण चित्रपटाचे सेट पाहून चार वर्षांच्या मुलाला काय वाटणार, हा प्रश्न उरतोच.

तीन पिढ्यांची मोट बांधायची, तर माझ्या मते आपल्यासाठी खोपोलीजवळची इमॅजिका ही सर्वांत सोयीची जागा आहे. रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ साली हे उद्यान सुरू झाले. नंतर त्याला लागूनच जलउद्यान आणि हिमउद्यानही आले. कोकण रेल्वेने थेट पनवेलला उतरता येते आणि तिथून मोटारीने तासाभराचा रस्ता. शिवाय त्याच पट्ट्यात अष्टविनायकांपैकी दोन देवस्थाने आहेत, महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर. आजी-आजोबांच्या दृष्टीने ही सहल त्यांचीही होते, ती इथे.

आता तारीख. मे महिन्यातील खालापूरचा उकाडा आपल्या उकाड्याहून सुसह्य नाही, आणि त्याच दिवसांत सगळ्या महाराष्ट्राच्या शाळांना सुट्टी असते. ही उद्याने वाराप्रमाणे तिकिटाचे दर बदलतात. शनिवार-रविवार आणि सणासुदीला दर चढतात. गोवेकरांना इथे एक सोय आहे, तिचा फायदा फार थोडे घेतात. ३ डिसेंबरचे जुन्या गोव्याचे फेस्त आणि १९ डिसेंबरचा मुक्तिदिन या आपल्या सुट्ट्या महाराष्ट्रात नसतात. त्या शनिवार-रविवारला लागून आल्या, तर एखाद-दुसरी रजा टाकून आठवड्यातल्या कामाच्या दिवशी उद्यान गाठता येते, आणि हवाही बरी असते. डिसेंबरात शाळांच्या सहली येतात, हे खरे. पण त्या मुलांचा ओढा मोठ्या राइड्सकडे असतो. लहानग्यांच्या पाळण्यांपाशी त्यांची फारशी गर्दी होत नाही.

रेल्वेची आखणी जरा सविस्तर पाहायला हवी, कारण तिकिटाइतकाच पैसा इथे वाचतो किंवा जातो. १ नोव्हेंबर २०२४पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. म्हणजे डिसेंबरच्या सहलीसाठी ऑक्टोबरात जागे राहावे लागते. ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात मिळणारी सवलत मार्च २०२०मध्ये बंद झाली, ती अद्याप गृहीत धरून हिशेब करणारी मंडळी भेटतात. खालच्या बर्थची सोय मात्र आहे. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. अट अशी, की त्या तिकिटावर एकच किंवा फार तर दोनच प्रवासी असावेत. आपण सहा जणांचे एकत्र तिकीट काढतो आणि आजोबांना मधला बर्थ मिळाला म्हणून हळहळतो. आजी-आजोबा दोघांचे तिकीट या कोट्यातून स्वतंत्र काढावे, उरलेल्या चौघांचे वेगळे. डबा एक न मिळण्याची शक्यता राहते. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला वर चढवण्यापेक्षा शेजारचा डबा बरा.

मुलांच्या भाड्याचे नियमही नीट समजून घ्यावेत. पाच वर्षांखालील मूल स्वतंत्र जागा न घेता विनाभाडे प्रवास करते. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल, तर पूर्ण भाडे. नको असेल, तर अर्धे. परंतु ही अर्ध्या भाड्याची मुभा चेअरकार आणि द्वितीय श्रेणी बैठकीच्या डब्यांत नाही. त्यामुळे वंदे भारत किंवा जनशताब्दीने गेलात, तर सात वर्षांच्या मुलाचे भाडे मोठ्या माणसाएवढेच पडते. दिवसाच्या प्रवासात शयनयान डब्यात मूल खिडकीपाशी आजोबांच्या कुशीत बसून जाऊ शकते. रात्रीच्या प्रवासात मात्र बर्थ वाचवू नये. एका बर्थवर दोघे झोपले, की दुसऱ्या दिवशी दोघांचीही चिडचिड ठरलेली.

गाडी कोणती? पुष्कळांचा कल रात्रीच्या कोकणकन्येकडे असतो, कारण ‘एक रात्र हॉटेलची वाचते’. ती वाचत नाही. ही गाडी पनवेलला उजाडण्यापूर्वीच सोडते आणि हॉटेलची खोली सहसा दुपारी मिळते. मग अर्धवट झोपेतली मुले आणि पाय सुजलेली आजी घेऊन एक तर फलाटावर वेळ काढायचा, नाही तर आदल्या दिवसाचे भाडे भरून खोली घ्यायची, आणि वर त्याच दिवशी उद्यानात शिरायचे. त्यापेक्षा सकाळची मांडवी धरावी. मडगाव, करमळी किंवा थिवीहून बसावे, संध्याकाळी पनवेल. वाटेत बोगदे, नद्या आणि मांडवीतल्या खाण्याची ख्याती आहेच. मुलांना ही सहलीची पहिली राइडच वाटते. रात्री खोपोलीत जेवून झोपावे आणि सकाळी ताजेतवाने उद्यान गाठावे.

मुक्कामासाठी उद्यानाच्या दारातले आलिशान हॉटेल लागत नाही, पण पनवेलला उतरून रोज ये-जा करण्यातही अर्थ नाही. खोपोली परिसरात साधी, स्वच्छ निवासस्थाने मिळतात. खोली ठरवताना तीनच गोष्टी विचाराव्यात : तळमजला किंवा लिफ्ट आहे का, शौचालय कमोडचे आहे का आणि सकाळी सातला चहा-नाश्ता मिळेल का. दोन खोल्या घ्याव्यात. एका खोलीत सहा जण कोंबून जे वाचते, ते दुसऱ्या दिवशी दुपारी डोकेदुखीच्या रूपाने फेडावे लागते.

उद्यानाच्या तिकिटाकडे वळू. मुलांचे तिकीट आपल्याकडील बहुतेक उद्यानांत वयावर नव्हे, उंचीवर ठरते. काही इंचांच्या फरकाने मूल विनामूल्य किंवा सवलतीत जाते, अथवा पूर्ण दर लागतो. तेव्हा निघण्यापूर्वी दाराच्या चौकटीशी पायांत काही न घालता उभे करून पेन्सिलीची खूण करावी आणि उद्यानाच्या संकेतस्थळावरील मापाशी ताडून पाहावी. याच मापावर राइड्सचा प्रवेशही ठरतो. सात वर्षांच्या मुलाने जाहिरातीत पाहिलेल्या रोलरकोस्टरवर त्याला घेणार नाहीत, हे त्याला घरीच सांगितलेले बरे. रांगेत पाऊण तास उभे राहिल्यावर कळले, तर तो रडू आवरणार नाही आणि त्यात त्याचा काही दोषही नाही.

ज्येष्ठांसाठी वेगळा दर असतो. संकेतस्थळावर तो रकाना शोधून त्यातूनच तिकीट काढावे आणि वयाचा पुरावा बरोबर ठेवावा. जलउद्यान आणि मुख्य उद्यान यांचे जोडतिकीट स्वस्त भासते. लहान मुले आणि वृद्ध असताना एका दिवसात दोन्ही होत नाहीत, हा अनुभव आहे. ते घेऊ नये. जलउद्यानात ठरावीक कापडाचा पोशाख लागतो, नसेल तर तो भाड्याने घ्यावा लागतो, हा खर्च आणखी वेगळा. रांग टाळण्यासाठी मिळणारे महागडे तिकीटही आपल्या कामाचे नाही, कारण लांब रांगा ज्या राइड्सना असतात, त्यांवर आपल्यातील फार तर दोघे बसणार.

आजी-आजोबांचे तिकीट काढायचे, तर त्यांना काय पाहता येईल, याची यादी मुलांच्या यादीआधी करावी. इमॅजिकात ‘आय फॉर इंडिया’ नावाचा खेळ आहे. आसनावर बसून भव्य पडद्यासमोर भारतावरून उडत गेल्याचा भास होतो. काशी-हिमालयाची ओढ असलेल्या पिढीला असे काही रोलरकोस्टरहून अधिक भावते. बसून पाहण्याचे इतर प्रयोग, संध्याकाळची मिरवणूक वा नृत्य यांच्या वेळा प्रवेश करतानाच विचारून घ्याव्यात. हृदयविकार, पाठीचे दुखणे वा चक्कर येण्याचा त्रास असणाऱ्यांसाठी प्रत्येक राइडपाशी सूचनाफलक असतो. आजोबा उत्साहात तो वाचत नाहीत, आपण वाचावा. लांब चालवत नसेल, तर चाकाची खुर्ची मिळेल का, हे दोन दिवस आधी दूरध्वनी करून विचारावे. ऐनवेळी दारात मागताना त्यांनाच संकोच वाटतो आणि ते ‘‘नको, चालतो मी’’ म्हणून मोकळे होतात.

दिवसाची आखणी उलटी करावी. दार उघडताच पहिले दोन तास सगळ्यांनी एकत्र काढावेत. तेव्हा ऊन कमी, रांगा कमी आणि पायांत बळ असते. दुपारी बारा ते तीन वातानुकूलित प्रयोग, जेवण आणि धाकट्याची झोप. या काळात आईवडिलांपैकी एकाने मोठ्या मुलाला घेऊन फिरावे, दुसऱ्याने बाकावर बसावे आणि तासाभराने पाळी बदलावी. बाकाची पाळी आजीच्या एकटीच्या वाट्याला येऊ देऊ नये. पिशव्यांसाठी लॉकर भाड्याने मिळतो. ते भाडे मला पूर्वी उधळपट्टी वाटे. आता वाटत नाही.

खाण्याचे पदार्थ बाहेरून आत नेण्यास बहुतेक उद्यानांत मनाई असते. बाळाचे खाणे आणि औषधे यांना साधारणपणे सूट मिळते. मधुमेही आजोबांना ठरल्या वेळी खावेच लागते. डॉक्टरांचे औषधपत्र जवळ असले, की दारावर वाद होत नाही. सकाळी पोटभर नाश्ता, आत एकच जेवण आणि रिकाम्या बाटल्या नेऊन आतील पिण्याच्या पाण्याने भरणे, एवढ्याने खाण्यापिण्याचा खर्च निम्म्याच्या आसपास येतो. आठवणवस्तूंचे दुकान बाहेर पडण्याच्या वाटेवरच असते. मुलांच्या हाती प्रत्येकी ठरावीक रक्कम आधीच द्यावी. स्वतःच्या पैशाने वस्तू घेताना मुले आश्चर्यकारक चिकट होतात.

तिसरा दिवस आजी-आजोबांचा. महडचे देऊळ खोपोलीजवळच आहे आणि पालीचा बल्लाळेश्वर सरसगडाच्या पायथ्याशी. सकाळी सातला एक मोटार ठरवून निघालात, तर दोन्ही दर्शने करून दुपारच्या जेवणाला परत येता येते. मंगळवार, चतुर्थी आणि सुट्टीचा वार टाळावा, रांग मोठी असते. मुलांना पालीला गडाची उभी कातळभिंत खालून दाखवावी. ती कुठल्याही कृत्रिम डोंगराहून उंच आहे आणि तिला तिकीट नाही.

परतीला मात्र कोकणकन्या सोयीची पडते, कारण सकाळी ती थेट घराजवळ आणून सोडते. खोली संध्याकाळपर्यंत ठेवण्यासाठी अर्ध्या दिवसाचे भाडे देऊन मुलांना आणि ज्येष्ठांना झोपू द्यावे, आणि जेवण उरकून दहाच्या सुमारास पनवेलकडे निघावे. एक खबरदारी : ही गाडी मुंबईहून रात्री उशिरा सुटते आणि पनवेलला मध्यरात्र उलटता उलटता येते. आरक्षण करताना पनवेलहून चढण्याची तारीख दोनदा पाहावी. पंचविसाच्या रात्री निघायचे म्हणून पंचविसाचे तिकीट काढले, तर ती गाडी चोवीस तास आधीच निघून गेलेली असते.