निबंध मुलाचा, सोबत आपली



आपल्यापैकी अनेक जण भेटल्यावर विचारतात, "देणगी तर आम्ही देतोच, पण वसतिगृहातल्या मुलांसाठी आणखी काय करता येईल?" या अंकात अशाच एका कामाविषयी लिहीत आहे. त्याला पैसा लागत नाही. आठवड्यातून एक तास, थोडा धीर आणि ऐकून घेण्याची तयारी लागते. ते काम म्हणजे मुलांना निबंध लिहिताना सोबत करणे. दिसायला ते सोपे आहे. पण ते कसे करावे आणि कोठे थांबावे हे नीट समजून घेतले नाही, तर मदत करता करता आपण मुलाच्या हातातला पेनच काढून घेतो. म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

घरची भाषा एक, वहीची दुसरी

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. अक्राणी, अक्कलकुवा, नवापूर या भागांतून येणाऱ्या मुलांच्या घरी पावरी, भिली, मावची किंवा कोकणी बोलतात. ही कोकणी म्हणजे कोकणा समाजाची बोली. गोव्याची कोकणी वेगळी. पाठ्यपुस्तक मात्र प्रमाण मराठीत असते, आणि शाळेत मराठी ही या मुलांची 'प्रथम भाषा' म्हणून शिकवली जाते. १९५६ साली झालेल्या सातव्या घटनादुरुस्तीने, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी सोयी करण्याची अपेक्षा राज्यांकडून केली आहे. डोंगरातल्या शाळेत ही अपेक्षा पोहोचायला अजून बरीच वाट चालायची आहे.

तोवर मूल काय करते? एका भाषेत विचार करते आणि दुसऱ्या भाषेत लिहिते. गणितात हे फारसे अडत नाही. निबंधात फार अडते. मग ते गाईड उघडते. 'पावसाळ्यातील एक दिवस', 'माझी आई', 'मी मुख्यमंत्री झालो तर', सगळे तयार मिळते. पाठ करायचे आणि उतरवायचे. ज्या मुलाने समुद्र पाहिलेला नाही ते 'फेसाळणाऱ्या लाटा' लिहिते, आणि ज्या सातपुड्यात ते वाढले त्याबद्दल एक ओळही लिहीत नाही. आता मोबाईलवर क्षणात निबंध तयार होऊन मिळतो. गाईड मोठे झाले, एवढाच फरक.

यात नुकसान केवळ गुणांचे नाही. लिहायचे म्हणजे दुसऱ्याचे शब्द उतरवायचे, आपले सांगण्यासारखे काही नसतेच, हा धडा मुलाच्या मनात पक्का होतो. हेच मूल पुढे मोठे होऊन ग्रामसभेत बसणार आहे, तहसील कार्यालयात अर्ज देणार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जमिनीचा दावा करताना जे पुरावे चालतात, त्यांत गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही येतात. कोण कोठे, किती वर्षांपासून कसत आहे, हे पाहिलेले आणि ऐकलेले नीट क्रमाने कागदावर उतरवावे लागते. ते गाईडमध्ये सापडत नाही. निबंधाच्या वहीत मूल ज्याचा सराव करते, ते पुढे घराच्या आणि शेताच्या कामी येते.

एका निबंधाची गोष्ट

नववीतल्या एका मुलीचा निबंध उदाहरणासाठी घेतो. विषय होता 'माझा अविस्मरणीय प्रवास'. तिने पहिल्यांदा लिहिले: 'प्रवास म्हणजे आनंदाची पर्वणी. आम्ही सहलीला महाबळेश्वरला गेलो. तेथील निसर्गसौंदर्य पाहून मन मोहून गेले.' शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पण ती महाबळेश्वरला कधी गेलेली नव्हती.

रविवारी उपासनेनंतर वसतिगृहात येणाऱ्या एका ताईंनी तो निबंध तिला मोठ्याने वाचायला लावला. वाचून झाल्यावर त्यांनी चूक काढली नाही. एवढेच विचारले, "बाळ, तू खरंच सगळ्यात लांब कुठं गेली होतीस?"

"बारडोलीकडं. चौथीत असताना. ऊसतोडीला."

"कशानं गेलात?"

"ट्रकनं."

"सोबत काय काय घेतलं होतं?"

आपल्या वाचकांना ठाऊक असेलच, दिवाळी झाली की या भागातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यात परततात. शाळकरी मुलांनी मागे राहून शिकावे यासाठी वसतिगृहांचा मोठा आधार होतो. या मुलीला मात्र चौथीचे वर्ष अर्धे सोडून जावे लागले होते. ती बोलू लागली. अडली की शेजारच्या मैत्रिणीला पावरीत सांगे, मग दोघी मिळून मराठी शब्द शोधत. अर्ध्या तासाने ताई म्हणाल्या, "आता हेच लिही." दुसऱ्या खेपेला तिने लिहिले:

'दिवाळी झाली आणि मुकादमचा ट्रक आला. आईने पीठ, तवा आणि एक कोंबडी घेतली. कोंबडी माझे मांडीवर होती. रात्री थंडी वाजली तर मी तिला आईचे लुगड्यात धरली. घाटात सगळे लोक झोपले. मी आणि कोंबडी जागी होतो.'

यात चुका आहेत. पण पहिला निबंध कोणीही लिहिला असता. हा फक्त तीच लिहू शकते. मदत करणाऱ्याचे खरे काम या दोन मसुद्यांच्या मध्ये घडले, आणि त्यात ताईंनी स्वतः एक शब्दही लिहिला नाही.

मदत कोणत्या क्रमाने करावी

निबंध हातात आला की आपला हात आपोआप लाल पेनाकडे जातो. तो आवरावा. आधी आशय, मग मांडणी आणि शेवटी भाषा, हा क्रम पाळावा. जो परिच्छेद पुढे खोडावाच लागणार आहे, त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसण्यात काय अर्थ?

पहिली पायरी ऐकण्याची. मुलाला स्वतःचा निबंध मोठ्याने वाचू द्यावा. वाचताना ते जिथे अडखळते तिथे बहुधा वाक्य बिघडलेले असते, आणि ते त्याचे त्यालाच कळते.

दुसरी पायरी विषय समजण्याची. प्रसंगलेखनात एखादा प्रसंग डोळ्यांपुढे उभा करायचा असतो. आत्मवृत्तात झाड, नदी किंवा पुस्तक स्वतः बोलते. वैचारिक निबंधात मत मांडून त्याची कारणे द्यायची असतात. मुलाने विषय आपल्या शब्दांत सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरी पायरी प्रश्नांची. "छान लिही", "अजून वाढव" असे सांगून मुलाला काही मिळत नाही. कोण होते, काय दिसले, कसला आवाज आला, मग काय झाले, तुला काय वाटले, असे प्रश्न विचारावेत. 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर उत्तर संपणारे प्रश्न टाळावेत. प्रश्न विचारल्यावर गप्प बसावे. मूल दोन भाषांमधून चालत येत असते. त्याला पोहोचायला वेळ लागतो.

चौथी पायरी मांडणीची. सांगितलेली एकेक गोष्ट मुलाने एकेका चिठ्ठीवर लिहावी आणि चिठ्ठ्या जमिनीवर मांडून त्यांचा क्रम लावावा. कोणती आधी, कोणती नंतर, कोणती नकोच, हे त्याने ठरवावे. या मुलीने ट्रकच्या भाड्याची चिठ्ठी स्वतःच बाजूला काढली आणि पहाटे गाव दिसल्याची चिठ्ठी शेवटी ठेवली.

पाचवी पायरी भाषेची. एका बैठकीत एकाच प्रकारची चूक घ्यावी. वरच्या मसुद्यात 'मुकादमचा', 'माझे मांडीवर', 'आईचे लुगड्यात' या तीन वेगवेगळ्या चुका दिसतात. पण त्यांचे मूळ एकच आहे. मराठीत शब्दाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले की त्याचे रूप बदलते, आणि त्या शब्दाला जोडून आलेल्या 'माझी', 'आईचे' अशा शब्दांचेही बदलते. मुकादम, पण मुकादमाचा. माझी मांडी, पण माझ्या मांडीवर. आईचे लुगडे, पण आईच्या लुगड्यात. ताईंनी पहिले उदाहरण समजावले, बाकीच्यांखाली पेन्सिलीने फक्त रेघ ओढली. दुरुस्ती मुलीने केली. 'तिला धरली' हे पुढच्या रविवारी.

अशा चुकांना हसू नये. 'तहसीलदार यांचे कार्यालयात' असे आपण सरकारी कागदांवर आजही वाचतो आणि लग्नपत्रिकेत 'यांचे घरी' छापतो. ते जुन्या वळणाचे मराठी आपण चालवून घेतो. मग मुलाच्या वहीत तसेच दिसले तर ते अडाणीपणाचे लक्षण का मानावे?

घरच्या भाषेतले शब्दही सरसकट खोडू नयेत. एका मुलाने 'भोंगऱ्या' लिहिले, तर शहरातून आलेल्या पाहुण्याला ती शुद्धलेखनाची चूक वाटू शकते. भोंगऱ्या म्हणजे होळीच्या आधीच्या आठवड्यात भरणारा सातपुड्यातला बाजार. त्या शब्दाला दुसरा शब्द नाही. तो ठेवावा, आणि न जाणणाऱ्या वाचकाला तो कळेल असे एक वाक्य मुलाला जोडायला सांगावे.

कोठे थांबावे

मदत आणि नक्कल यांच्यातली सीमा ओळखण्याची खूण सोपी आहे. पेन कोणाच्या हातात आहे ते पाहावे. आपण सुचवलेले वाक्य मुलाने जसेच्या तसे उतरवले असेल, तर वही मिटून त्याला तीच गोष्ट तोंडी सांगायला लावावी. सांगता आली नाही तर ते वाक्य आपले आहे, त्याचे नाही. ते काढावे.

"पण परीक्षक गाईडचीच भाषा मागतात," असे काही पालक आणि शिक्षकही म्हणतात. परीक्षेचा विचार करायलाच हवा. वेळ पाळणे, परिच्छेद पाडणे, सुरुवात आणि शेवट करणे हे शिकवावेच. परंतु पाठ केलेला निबंध नेमका तोच विषय आला तरच उपयोगी पडतो. विषय थोडा बदलला की मूल कोरे होते. ज्याला विचारातून वाक्य काढता येते, ते कोणत्याही विषयावर दोन परिच्छेद लिहिते. 'झाडाचे आत्मवृत्त' आले तर पाठ केलेला वटवृक्ष कशाला? मोहाची फुले पहाटे कशी पडतात आणि ती वेचायला कोण येते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक आहे?

आणखी एक गोष्ट आम्हा कार्यकर्त्यांना आणि आपणा सर्वांना पाळायची आहे. मूल मनापासून लिहू लागले की घरातले दुःखही वहीत येते. भूक, दारू, कोणाचा मृत्यू. ते लिहायला त्याला भाग पाडू नये. लिहिले तर त्याचा फोटो काढून मंडळीच्या ग्रुपवर टाकू नये. मुलाची वही म्हणजे देणगीचे आवाहन नव्हे. वरच्या ओळी त्या मुलीला आणि तिच्या आईला विचारून छापल्या आहेत, आणि तिचे नाव व गाव मुद्दामच दिलेले नाही.

एका शाळकरी मुलीचा जुना निबंध

हे सारे नवे नाही. १८४२ मध्ये अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे अमेरिकन मराठी मिशनने 'ज्ञानोदय' सुरू केले. त्याच ज्ञानोदयात १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन भागांत छापून आला. ती पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. तिने लिहिले ते आपल्या लोकांच्या सोसण्याविषयी. सुंदर वर्णनांचा नमुना म्हणून नव्हे, तर आपल्या लोकांचे म्हणणे मांडले म्हणून तो निबंध आजही वाचला जातो. एका मिशनच्या पत्राने तिला जागा दिली, याचे मोल आपल्यासारख्या वाचकांनी विशेष ओळखावे.

आपण काय करू शकता

ज्यांना हे काम करावेसे वाटते त्यांनी एका वेळी दोन किंवा तीनच मुले घ्यावीत आणि निदान एक सहामाही तीच मुले ठेवावीत. दर आठवड्याला नवा माणूस आला तर मूल बोलत नाही. आपण मराठीचे शिक्षक असण्याची गरज नाही. निवृत्त परिचारिका, बँकेतले कारकून, महाविद्यालयात शिकणारे तरुण, सर्वांना हे जमते. वसतिगृहातूनच शिकून मोठे झालेले ताई-दादा मिळाले तर सर्वांत उत्तम, कारण त्यांना दोन्ही भाषा येतात आणि त्या दोहोंमधली वाटही त्यांनी चाललेली असते. आपल्या मंडळीत असे कोणी असेल तर त्यांना या कामाविषयी जरूर सांगावे.

येताना कोऱ्या वह्या, पेन्सिली आणि चिठ्ठ्यांसाठी पाठकोरे कागद आणावेत. लाल पेन घरीच ठेवावे. मुलाने वाचायला सुरुवात केली की पहिली दहा मिनिटे फक्त ऐकावे. पुढचे प्रश्न त्यातूनच सुचतात.