विरघळणारे टाके म्हणजे काय?

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत प्रेस मशिनवर काम करणारे एक गृहस्थ मध्यंतरी माझ्याकडे आले. तळहाताची जखम तीन आठवड्यांपूर्वी दुसरीकडे शिवलेली होती. टाक्यांभोवतीची कातडी लाल होऊन पू धरला होता. ‘टाके काढायला का गेला नाहीत?’ असे विचारताच ते म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, विरघळणारे टाके घातलेत असं सांगितलं होतं. म्हटलं, जातील आपोआप.’

त्यांचा कागद पाहिला. विरघळणारा धागा होता तो आतल्या थरांना. वरच्या कातडीला नायलॉनचे टाके होते, आणि नायलॉन विरघळत नाही. टाके काढले, औषधे दिली, जखम बरी झाली. पण हा त्रास टळण्यासारखा होता.

पूर्वी विरघळणारा धागा म्हणजे कॅटगट. तो मेंढ्यांच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून बनवीत. शरीरातील विकरे तो पचवीत, आणि जखमेत जंतुसंसर्ग असला तर तो वेळेआधीच तुटे. 1970 च्या सुमारास पॉलिग्लायकोलिक ॲसिडचा कृत्रिम धागा वापरात आला. 1974 मध्ये त्याच जातीचा पॉलिग्लॅक्टिन आला. हे धागे मुख्यतः पाण्याने तुटतात, आणि पाणी तर शरीरात सर्वत्र असते. म्हणून त्यांच्या विरघळण्याचा अंदाज अधिक नेमका बांधता येतो.

या धाग्याची रचना मोठी मजेशीर आहे. पदार्थ वितळवून बारीक तंतू काढतात आणि ते ताणतात. ताणल्यामुळे त्यातील लांब रेणू एका दिशेने लागतात. काही भागात ते काडेपेटीतील काड्यांसारखे शिस्तीत बसतात. हे झाले स्फटिक. उरलेल्या भागात ते सांडलेल्या काड्यांसारखे विस्कळीत राहतात. पाणी आधी या विस्कळीत भागात शिरते आणि तेथील रेणू तोडते. दाट स्फटिकांत ते उशिरा पोचते. स्फटिकांना एकमेकांशी बांधणारे दुवे याच विस्कळीत भागात असल्यामुळे धाग्याचा जोर आधी जातो आणि धागा नंतर नाहीसा होतो.

पॉलिग्लॅक्टिनचा जोर दोन आठवड्यांनी सुमारे 75 टक्के, तर तीन आठवड्यांनी सुमारे 50 टक्के उरतो. धागा पूर्ण शोषला जायला मात्र 56 ते 70 दिवस लागतात. म्हणजे धागा दिसतो तोवर जखम त्याने धरून ठेवली आहे, असे समजू नये. तोवर जखमेने स्वतःची ताकद कमवायची असते.

उष्णतेचाही येथे संबंध आहे. पॉलिग्लायकोलिक ॲसिड सुमारे 225 अंश सेल्सिअसला वितळते, पण 35 ते 40 अंशांच्या आसपासच त्याचा विस्कळीत भाग कडकपणा सोडून सैलावू लागतो. आपल्या शरीराचे तापमान 37 अंश, म्हणजे अगदी त्याच टप्प्यात. उष्णता आणि ओलावा एकत्र आले की धागा झपाट्याने कमजोर होतो. म्हणून तो वाफेने निर्जंतुक करीत नाहीत. इथिलीन ऑक्साईड वायू वापरतात आणि ओल न शिरणाऱ्या वेष्टनात बंद करतात. उघडलेल्या पाकिटातील उरलेला धागा उकळून पुन्हा वापरणे सर्वथा चूक. पत्र्याच्या छपराखाली, एप्रिल-मेच्या उन्हात तापणाऱ्या खोलीत ही पाकिटे ठेवू नयेत.

रुग्णांनी एवढे लक्षात ठेवावे. टाके घातल्यावर दोन प्रश्न अवश्य विचारावेत: वरच्या कातडीला कोणता धागा आहे, आणि टाके काढायला कधी यायचे? उत्तर केसपेपरवर लिहून घ्यावे. धाग्याचे टोक बाहेर आले तर ते ओढू नये. तळहाताचे वरचे टाके साधारण दहा ते चौदा दिवसांत काढतात. जागेप्रमाणे ही मुदत बदलते. लाली, सूज, पू किंवा ताप दिसल्यास मुदतीची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

एका दिवसाचा खाडा परवडत नाही म्हणून टाके तसेच ठेवले, तर पुढे आठवड्याची रजा घ्यावी लागते.