गाडीच्या पडद्यामागचा ‘ड्रायव्हर’ कोण?

मलकापुरात ‘ड्रायव्हर’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो आंबा घाटातून पावसात, धुक्यात गाडी काढणारा माणूस. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची चूल गाडीवर नाहीतर गॅरेजवर पेटते. पण आजच्या नव्या गाडीत आणखी एक ड्रायव्हर असतो. तो दिसत नाही, कारण तो सॉफ्टवेअर आहे. त्याला ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणतात. तो काय करतो, त्याच्यावर जीव कसा अवलंबून असतो आणि आपली मुलं-मुली हे काम कसं शिकू शकतात, ते आम्ही इथे सोप्या भाषेत सांगतो.

हा ड्रायव्हर करतो काय?

नव्या गाडीत स्पीड, डिझेल, नकाशा, गाणी आणि मागचा कॅमेरा, सगळं पडद्यावर दिसतं. हे चित्र तयार करणारी वेगळी चिप असते. तिला ‘चित्र काढ’ असं सांगून कळत नाही, तिची भाषा वेगळी. दावतीत पंगतीवरचा निरोप भटारखान्यात पोहोचवणारा आणि ताट रिकामं व्हायच्या आत गरम जेवण आणणारा एक माणूस लागतो ना, तसंच हे काम. पडद्यावरचं चित्र साधारणपणे सेकंदाला 60 वेळा बदलतं. म्हणजे एका चित्राला 17 मिलिसेकंदसुद्धा मिळत नाहीत. तेवढ्यात चिपला मेमरी द्यायची, हुकूम द्यायचा आणि तयार चित्र पडद्याकडे पाठवायचं, हे सगळं ड्रायव्हर करतो.

मोबाइल अडकला तर आपण बंद करून चालू करतो. घाटातल्या वळणावर गाडीचा पडदा असा बंद-चालू करता येत नाही. त्यात बंद गाडी उन्हात तापते आणि चिपला ती उष्णता सोसावी लागते. अनेक गाड्यांत एकाच चिपवर गाणीही चालतात आणि स्पीडचा आकडाही. गाण्याचं ॲप बंद पडलं तरी स्पीडचा आकडा थांबता कामा नये. म्हणून या दोन्ही कामांमध्ये भिंत घालावी लागते.

दोन सेकंदांचा प्रश्न

अमेरिकेत 2002 मध्ये घराच्या आवारात वडील गाडी मागे घेत असताना कॅमेरॉन गुलब्रन्सन हा दोन वर्षांचा मुलगा चाकाखाली आला. त्याच्या नावाने पुढे कायदा झाला. मे 2018 पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत मागचा कॅमेरा सक्तीचा आहे आणि गाडी मागे घ्यायला लागल्यापासून दोन सेकंदांत चित्र दिसलंच पाहिजे, असा नियम आहे.

दोन सेकंद ऐकायला सोपे वाटतात. पण गाडी चालू केल्यावर पडद्याची अख्खी सिस्टीम उठायला त्याहून बराच जास्त वेळ लागू शकतो. म्हणून इंजिनियर कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत एक छोटी वेगळी वाट बांधतात. बाकी सिस्टीम जागी व्हायच्या आधीच ती सुरू होते.

काळ्या पडद्यापेक्षाही धोकादायक म्हणजे थिजलेलं चित्र. पडदा काळा असला तर माणूस मान वळवून मागे बघतो. पण पडद्यावर पाच सेकंदांपूर्वीचं रिकामं अंगण दिसत असेल, तर तो बिनधास्त गाडी मागे घेतो. चित्र खरंच बदलतंय का, ब्रेकचा लाल दिवा पडद्यावर खरोखर उमटला का, याची तपासणी सतत करावी लागते. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक सुरक्षेसाठी आयएसओ 26262 हे मानक 2011 पासून आहे.

मे 2022 मध्ये टेस्लाला अमेरिकेत सुमारे 1 लाख 30 हजार गाड्यांसाठी रिकॉल जाहीर करावा लागला. चार्जिंगच्या वेळी प्रोसेसर तापून पडदा अडकत होता किंवा बंद पडत होता. दुरुस्ती झाली ती सॉफ्टवेअर पाठवून, पाना हातात न घेता.

आपल्याकडे जुलै 2019 पासून नव्या मोटारींत मागे घेताना इशारा देणारे सेन्सर सक्तीचे झाले.

हे काम आहे कुठे?

फार लांब नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत गाडीचे लोखंडी भाग ओतले जातात, आणि पुण्यात गाडीचं सॉफ्टवेअर लिहिलं जातं. हिंजवडीची केपीआयटी याच कामासाठी ओळखली जाते. गाड्यांची तपासणी करणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून पुण्यात आहे.

शिकायचं कसं?

पाया म्हणजे सी भाषा, लिनक्स आणि थोडं इलेक्ट्रॉनिक्स. त्यासाठी महागडी गाडी किंवा बोर्ड लागत नाही. लिनक्सचा ग्राफिक्सचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. त्यात व्हीकेएमएस नावाचा एक ड्रायव्हर आहे, जो खऱ्या पडद्याशिवाय साध्या लॅपटॉपवर चालतो. तो उभा करणाऱ्यांत हनीन मोहम्मद हे नाव आहे. 2018 मध्ये आउटरीची या उपक्रमातल्या इंटर्नशिपमध्ये त्यांनी हे काम केलं. ही इंटर्नशिप घरी बसून करता येते आणि तिचे पैसेही मिळतात. ‘मुलीला बाहेरगावी कसं पाठवायचं?’ म्हणून जिथे शिक्षण थांबतं, त्या घरांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

डिप्लोमा किंवा डिग्रीत इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर कॉम्प्युटर घेता येईल. इंजिनियरिंगनंतर सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टीमचा पदविका कोर्स आहे, त्यासाठी सी-कॅट परीक्षा द्यावी लागते. पैशांची अडचण असेल तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी.

हे काम सोपं आहे असं आम्ही म्हणणार नाही. एक चूक शोधण्यात आठवडा जातो आणि सुरुवातीला बहुधा टेस्टिंगच करावं लागतं. पण गॅरेजमध्ये इंजिनचा आवाज ऐकून बिघाड ओळखणाऱ्या वडिलांच्या मुलाला चिकाटी शिकवावी लागत नाही. अब्बांनी गाडी हाताने दुरुस्त केली, मुलगा किंवा मुलगी ती कोडने करेल, इन्शाअल्लाह. दहावी-बारावीचा निकाल लागल्यावर घरात बोलणं होईल, तेव्हा या वाटेचाही विचार व्हावा एवढंच आमचं सांगणं.