पाहुणा की बांडगूळ?

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावपासून समुद्र फार दूर. पण बांडगूळ तिथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. आंब्याच्या फांदीत मुळी घुसवून तो रस ओढतो, म्हणून आपण माणसालाही तेच नाव शिवीसारखे चिकटवतो. समुद्रातल्या एका चिमुकल्या जीवाच्या वाट्याला असेच नाव आले आहे.

हे जीव म्हणजे झोअँथिड. दिसायला समुद्रफुलासारखे, पण समुद्रफूल बहुधा एकटे राहते आणि हे वसाहतीने. जुन्या जीवाच्या तळातून नवा फुटतो आणि सारे तळाशी जोडलेले राहतात. त्यांना प्रवाळासारखा चुन्याचा सांगाडा नसतो. बहुतेक जाती वाळूचे कण अंगात रुतवून घेऊन बळकटी आणतात. मुंबई-कोकणच्या खडकांवर ओहोटीला दिसणाऱ्या मऊ चटया यांच्याच भाऊबंदांच्या. त्यांना हात मात्र लावू नये: पॅलिटॉक्सिन हे जहाल विष १९७१ साली हवाईच्या अशाच एका झोअँथिडमधून वेगळे केले गेले.

झोअँथिडच्या काही जाती खडक सोडून जिवंत स्पंजवर घर करतात. कॅरिबियन समुद्रातल्या अशा एका जातीला १८६० साली दुशासाँ आणि मिकेलोत्ती यांनी ‘पॅरासिटिकस’, म्हणजे परजीवी, म्हटले. पण परजीवी कशावरून? ही जात स्पर्शिकांनी पाण्यातले सूक्ष्म जीव टिपते. तिच्या पेशींत प्रकाशावर अन्न बनवणारी शैवालेही असतात. स्पंजकडून तिला मिळते ती मुख्यतः जागा.

त्या जागेचे भाडे ती देते का, यावर अभ्यासकांचा खल झाला. स्पंजवरच्या झोअँथिडांचे ठळक रंग माशांना ‘दूर राहा’ असे बजावतात आणि त्यातून स्पंजही वाचतो, असे मत १९७६ साली वेस्ट यांनी मांडले. उलट १९८२ साली लुईस यांच्या अभ्यासात झोअँथिड वाढलेल्या स्पंजचे पाणी खेचणे मंदावलेले आढळले. स्पंजला अन्न आणि प्राणवायू त्या पाण्यातूनच मिळतो, तेव्हा हा तोटा किरकोळ नव्हे. म्हणजे एकाच पाहुण्याच्या नावे जमाही आहे आणि खर्चही. कुठला स्पंज, कुठला झोअँथिड, आसपास खाणारे मासे किती, यावर शिल्लक ठरते.

२०१५ साली जनुकीय पुराव्यावरून या जातीला ‘उमिमायान्थस’ ही नवी प्रजाती मिळाली. ‘पॅरासिटिकस’ मात्र राहिलेच. प्राणिशास्त्राच्या नियमानुसार जातीचे आधी दिलेले नाव अर्थ चुकला म्हणून बदलता येत नाही. नाव ही ओळखीची खूण असते, निवाडा नव्हे.

आपल्या बांडगुळाचेही तसेच. त्याची पाने हिरवी असतात. झाडाकडून पाणी आणि क्षार घेऊन तो स्वतःचे अन्न बरेचसे स्वतःच बनवतो. त्याच्या फळांवर फुलटोच्या हा इवला पक्षी जगतो. आंब्याचे नुकसान खरेच, पण त्या शिवीत बांडगुळाची अर्धीच हकीकत येते.