पिवळ्या फितीवरची काळी रेघ

ॲक्रिलिकच्या पाट्या कापणारं, लाकडी फलकांवर नावं कोरणारं कार्बन डायऑक्साइड लेसर यंत्र आज अनेक शहरांतल्या वर्कशॉपमध्ये दिसतं. अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने तसाच लेसर पॉलिइमाइडच्या पातळ, पिवळसर फितीवर फिरवला. हे प्लास्टिक उष्णता सोसणारं म्हणूनच इलेक्ट्रॉनिक्समध्ये वापरलं जातं. किरण गेला तिथे काळी, सच्छिद्र रेघ उमटली आणि तिच्यातून वीज वाहू लागली. २०१४ मध्ये हे संशोधन ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालं.

किरण पडतो त्या ठिपक्यापुरतं तापमान क्षणभर अडीच हजार अंश सेल्सियसच्याही वर जातं. ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे बंध तुटून ते वायुरूपाने निघून जातात. मागे राहिलेला कार्बन ग्राफीनच्या, म्हणजे षटकोनी जाळीच्या कार्बनच्या, थरांत जुळतो आणि निसटणारे वायू त्यात असंख्य छिद्रं पाडतात. हे सगळं उघड्या हवेत घडतं. शाई नको, निर्वात कक्ष नको.

मँचेस्टरमध्ये २००४ साली आंद्रे गाइम आणि कॉन्स्टन्टिन नोव्होसेलोव्ह यांनी वेगळं केलेलं एका थराचं नितळ ग्राफीन मात्र हे नव्हे. लेसरने घडवलेल्या या पदार्थाला अनेक थर असतात. षटकोनांच्या जाळीत मध्येच पंचकोन आणि सप्तकोन घुसलेले असतात, कडा तुटक असतात. विद्युतरसायनशास्त्राला हा अव्यवस्थितपणाच हवा असतो, कारण इलेक्ट्रॉनची देवघेव कडांवर आणि दोषांच्या जागी अधिक सहज होते.

म्हणूनच अशी रेघ इलेक्ट्रोड म्हणून वापरून घाम किंवा रक्तातले रेणू मोजता येतात. पण साखर मोजायची म्हटली की कोडं वेगळं होतं. पासाडिनाच्या कॅलटेकमध्ये वेई गाओ यांच्या गटाने २०२० मध्ये लेसरने कोरलेल्या संवेदकावर घामातलं युरिक आम्ल आणि टायरोसिन मोजून दाखवलं. हे दोन्ही रेणू कार्बनच्या पृष्ठभागावर स्वतःच इलेक्ट्रॉन सोडतात. ग्लुकोज, म्हणजे रक्तातली साखर, मात्र नुसत्या कार्बनवर जवळजवळ ढिम्म राहतं. त्याला बोलतं करायला मध्यस्थ लागतो.

तो मध्यस्थ म्हणजे ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम. लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्येच एन्झाइम आणि इलेक्ट्रोडची ही जोडी सुचवली होती. एन्झाइम साखरेचं ऑक्सिडीकरण करतं आणि ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. ऑक्सिजनची घट किंवा पेरॉक्साइडची वाढ मोजली की साखर कळते. पेरॉक्साइड थेट मोजायला इलेक्ट्रोडला बराच व्होल्टेज द्यावा लागतो आणि तेवढ्या व्होल्टेजला क जीवनसत्त्व, युरिक आम्ल, पॅरासिटामॉल हेही आपापला प्रवाह मिसळून आकडा बिघडवतात. म्हणून काळ्या रेघेवर प्रशियन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा थर चढवतात. तो पेरॉक्साइडला शून्याच्या आसपासच्या व्होल्टेजला पकडतो आणि बाकीचे रेणू गप्प राहतात. लेसरचं खरं कौतुक इथे आहे: छिद्रांमुळे त्याच क्षेत्रफळाच्या पट्टीवर हा थर आणि एन्झाइम दोन्ही जास्त मावतात.

एन्झाइम टाळण्याचाही मार्ग आहे. ग्राफीनवर तांबे किंवा निकेलचे सूक्ष्म कण बसवले की ते स्वतःच ग्लुकोजचं ऑक्सिडीकरण करतात. मात्र त्यांना तीव्र अल्कधर्मी द्राव लागतो आणि रक्त किंवा घाम तसा नसतो. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या चाचणीत उत्तम ठरलेला संवेदक त्वचेवर तसाच लावता येत नाही.

बोटाच्या रक्तातली साखर मोजणारी पट्टी स्क्रीन प्रिंटिंगने प्रचंड संख्येने आणि स्वस्तात बनते. तिला लेसरने हरवणं कठीण आहे. लेसरची संधी घामात आहे. तिथे साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण शंभराव्या हिश्श्याइतकी असते, म्हणून पृष्ठभाग जितका मोठा, तितका प्रवाह हाती लागतो. हैदराबादच्या बिट्स पिलानी संकुलातही लेसरने घडवलेल्या ग्राफीनच्या संवेदकांवर काम चालतं, आणि दहा कोटींहून अधिक मधुमेही असलेल्या देशात हे काम वाढायलाच हवं. पण पुढची अडचण रेघेच्या बाहेरची आहे. घामाचं प्रमाण आणि आम्लता तासागणिक बदलते, त्वचेवर आधीच लागलेली साखर नमुन्यात मिसळते. शिवाय लेसरची शक्ती, वेग आणि फोकस किंचित हलला तरी पुढची पट्टी मागच्या पट्टीसारखी राहत नाही, म्हणून प्रत्येक खेपेच्या पट्ट्या ज्ञात साखरेच्या द्रावणांत नव्याने तपासाव्या लागतात.