घरातली आगगाडी – भाग ६ : काळ्या मातीवरचे रूळ

गेल्या भागापर्यंत फळी तयार झाली, रूळ बसले, तारा जोडल्या आणि इंजिन फिरू लागले. आता देखावा. इथे बहुतेक नवखे लोक घाई करतात. परदेशी बनावटीची सूचिपर्णी झाडे, धुरांडे असलेली उतरत्या छपरांची घरे, हिरवेगार गवताचे गालिचे असे जे मिळेल ते फळीवर मांडतात आणि स्थानकावर पाटी लावतात ‘लातूर’. गौरीच्या सणाला आपल्याकडे महालक्ष्म्यांपुढे आरास मांडतात, तिथे प्लास्टिकचा वाघ, विमान आणि बैलगाडी शेजारी शेजारी चालतात. आगगाडीच्या देखाव्यात ते चालत नाही. आधी एक ठिकाण आणि एक काळ ठरवायचा, आणि मग त्यात न बसणारे कितीही गोंडस असले तरी बाहेर ठेवायचे.

ठिकाण निवडताना रुळाचे माप बघा. आपल्याकडे सर्वाधिक प्रचलित असलेले १:८७ हे प्रमाण धरू. पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊ जोशींच्या छंदातून उभे राहिलेले, १९९८ मध्ये खुले झालेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय याच प्रमाणात आहे. या प्रमाणाच्या तयार रुळांत दोन पट्ट्यांमधले अंतर १६.५ मिमी असते. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे हिशेबाने ती १९ मिमीच्या वर जाते. नांदेडवरून जाणारा मनमाड–सिकंदराबाद मार्ग पूर्वी मीटरगेज होता. त्याला साधारण ११.५ मिमी लागतात. बारा मिमीचे रूळ असतात, पण ते शोधत फिरावे लागते. लातूरची जुनी गाडी मात्र अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिमी. भागिले ८७ केले की पावणेनऊ मिमी येतात, आणि नऊ मिमीचे रूळ १:१६० या छोट्या प्रमाणासाठी तयारच मिळतात. शिवाय ते नऊ इंच त्रिज्येत वळतात, त्यामुळे दोन फूट रुंदीच्या फळीवर पूर्ण फेरा बसतो. जागा लहान असेल तर माझे मत सरळ आहे: नांदेड सोडा, लातूर करा.

ही गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती उभी केली. १८९७ मध्ये आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झालेला मार्ग १९११ मध्ये लातूरला पोचला, आणि पंढरपूरकडून १९२७ मध्ये मिरजेला. रूळ हलके, पण डब्यांचे वजन चाकांवर समान विभागून हलक्या रुळावरूनही भरपूर माल नेता येतो, हे काल्थ्रॉपने दाखवून दिले. (पुढे याच गृहस्थाने वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केले.) कुर्डुवाडी–लातूर मार्गाचे रुंदीकरण २००८ मध्ये पुरे झाले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली ‘जलदूत’ या जुन्या वाटेच्या रुंद रुळांवरूनच आली. जलदूत करायचीही इच्छा होईल, पण तिला वेगळी फळी. एका फळीवर दोन्ही मांडले तर दोन्ही खोटे दिसतात.

आता जमीन. पुठ्ठ्याच्या पट्ट्या आडव्या-उभ्या विणून चढ-उतार करा, वर वर्तमानपत्राचे तुकडे खळीत भिजवून तीन-चार थर द्या. खळीत चिमूटभर मोरचूद टाका, नाहीतर झुरळे आणि कसर मेजवानी करतील. बार्शीकडून येडशीकडे येताना मार्ग बालाघाटावर चढतो, म्हणून फळीच्या एका टोकाला रुळाशेजारी एक कापलेली दरड हवीच. तिचे रंग वरून खाली असे: काळी माती, तिच्याखाली तांबूस-पिवळट मुरूम, तळाशी करडा-काळा कातळ.

माती खरीच वापरा, पण जपून. काळी माती फेविकॉलमध्ये कालवून लिंपली की वाळताना तडकते, आणि त्या भेगा १:८७ मध्ये दरीएवढ्या दिसतात. त्यापेक्षा माती तव्यावर भाजा, चहाच्या गाळणीने चाळा आणि ओल्या फेविकॉलवर कोरडीच भुरभुरवा. त्याआधी कागदात गुंडाळलेले लोहचुंबक तिच्यातून फिरवा. आपला कातळ बेसाल्टचा, त्याच्या मातीत लोहयुक्त कण असतात. ते इंजिनाच्या मोटारीत गेले की मोटार बसते. रुळांमधल्या खडीसाठी क्रशरची बारीक कच आणा. तिलाही हाच नियम. कच कोरडी पसरा, पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा थेंब टाका आणि ड्रॉपरने सोडा. साबण नसला तर थेंब कचेवर गोळा होऊन बसतो, आत मुरत नाही.

ऋतू कोणता? मी उन्हाळा निवडेन. नांगरट झालेले रान, बांधावर दोन बाभळी, एक लिंब. हिरवळीचा खर्च वाचतो आणि मराठवाडा दिसतो. बाभळीसाठी जुन्या वायरमधले तांब्याचे तंतू पिळून खोड करा आणि फांद्या वर छत्रीसारख्या पसरवा. पाला म्हणून वखारीतला रंगवलेला बारीक भुसा चालतो, पण थोडाच. बाभळीतून पलीकडचे दिसले पाहिजे. रब्बी हवी असेल तर ज्वारीला झाडूच्या काड्या दोन सेंटिमीटर कापा, उसाला तीन.

घरांचे सर्वांत जास्त चुकते. गावातले जुने घर माळवदाचे: सपाट धाबे, त्यावर पांढरी माती, भोवती बुटका कठडा. उतरते छप्पर नसल्याने पुठ्ठ्यात ते सोपे वाटते, पण खरी गंमत भिंतीच्या जाडीत आहे. दोन फुटी भिंत प्रमाणात सात मिमी होते. नुसता पुठ्ठा वापरला की दार कागदावर चिकटवलेले वाटते. पाच मिमीचा सनबोर्ड घ्या, बाहेरून दोन मिमीचा पुठ्ठा लावा आणि दार आतल्या बाजूला बसवा, म्हणजे उंबऱ्यावर सावली पडते. सात फुटी दार साडेचोवीस मिमी, माणूस एकोणीस. पोळ्याला मिळणारे मातीचे बैल घेऊ नका. ते या प्रमाणात हत्ती होतात.

लातूर ओळखू यावे म्हणून गंजगोलाई हवीच असे वाटेल. १९१७ च्या आराखड्यातली ती गोल बाजारपेठ आणि तिला मिळणारे सोळा रस्ते दोन फुटी फळीवर मावत नाहीत. मागच्या पडद्याला टेकवून कमानींच्या दर्शनी भिंतीचा एक वक्र तुकडा उभा करा. पुढ्यात डाळीची पोती रचा आणि थांबा.

पुढच्या भागात सिग्नल आणि स्थानकातले दिवे. तोवर एक काम करा. अरुंद गाडीच्या वाटेवर जिथे जुन्या स्थानकाची भिंत, पाण्याची टाकी किंवा मोरी अजून उभी असेल, तिथे टेप घेऊन जा, मापे वहीत उतरवा, फोटो काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांकडे त्या गाडीचे जुने फोटो असतील तर तेही मागून घ्या.